लालपरीनं जायचं, रिकाम्या हातानं चालायचं

आज बचतीची वही आणि कर्जाचे हप्ते जरा बाजूला ठेवू. आज बोलायचं आहे ते चालण्याबद्दल. आता कुणी म्हणेल, आम्हाला काय चालायला शिकवता? आमचा जन्म चालण्यात गेला. खरं आहे. पण आम्ही आमच्या गटांच्या बैठकीत एकदा साधा प्रश्न विचारला: डोक्यावर पाटी नाही, काखेत लेकरू नाही, हातात खुरपं नाही, अशी तू शेवटची कधी चाललीस? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाली, "लग्नाच्या आधी." दुसरी म्हणाली, "सासू वारीला गेली तेव्हा वेशीपर्यंत सोडायला गेले होते, पण येताना सरपण घेऊनच आले."

तेव्हापासून आमच्या आखाडा बाळापूर भागातल्या काही गटांनी ठरवलं, महिन्यातून एक दिवस एसटीनं कुठंतरी जायचं, चार-पाच किलोमीटर रिकाम्या हातानं चालायचं आणि दिवस मावळायच्या आत घरी यायचं. हे कसं करतो, गाडी कशी बघतो, कुठं जातो, काय सांभाळतो ते आज सांगतो. तुमचा जिल्हा वेगळा असला तरी गाडीचं गणित तेच लागू पडेल.

आधी घरातल्या प्रश्नाचं बघू, कारण गाडीच्या आधी तोच आडवा येतो. "कशाला जाता?" देवाला म्हटलं की कुणी अडवत नाही. दवाखान्याला म्हटलं तर दोन प्रश्न विचारतात. नुसतं चालायला म्हटलं की सगळं घर तोंडाकडं बघतं. पण आपल्याकडं बायकांनी बाहेर पडायच्या वाटा काही आजच्या नाहीत. नागपंचमीला वारुळाला जायचं आणि झोक्यावर बसायचं, कार्तिकात आवळीखाली जेवायला जायचं, लातूर-धाराशिवकडं वेळा अमावस्येला सगळं घर शेतात नेऊन जेवायचं, ही सगळी बाहेर पडायचीच निमित्तं. आणि वारी तर आपल्या दारावरून जाते. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आपल्याच जिल्ह्यातून, नर्सी आणि औंढ्यावरून पंढरपूरला जाते. त्या पालखीत बाया दिवसभर चालतात, त्यांना कुणी विचारत नाही की कशाला चालता. म्हणजे अडचण चालण्याची नाही, निमित्ताची आहे. आमच्या काही मैत्रिणींनी सुरुवातीला देवाचंच निमित्त सांगितलं. आम्ही त्याला नावं ठेवत नाही. दोन-तीनदा वेळेवर घरी आल्या की पुढं निमित्त सांगावं लागत नाही, असा आमचा अनुभव आहे. विधवा आणि एकल मैत्रिणींना मात्र घरच्यांपेक्षा गल्लीला उत्तर द्यावं लागतं. म्हणून आम्ही या फेरीची नोंद गटाच्या इतिवृत्तात घेतो. दशसूत्रीत आरोग्य आहेच, त्याखाली ठराव लिहितो. "गटाचं काम आहे" असं म्हणता आलं की त्या बाईच्या पाठीशी बारा जणी उभ्या राहतात.

आणि आरोग्याचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा दम लागेल अशी हालचाल करावी. आपण म्हणतो, निंदणी-खुरपणी ही काय कमी हालचाल आहे? कमी नाही. पण निंदताना पाठ वाकलेली, मान खाली, एकाच जागी उकिडवं बसून तासन् तास. डोक्यावर भारा असला की मणक्यावर आणि गुडघ्यावर दाब. मोकळ्या चालण्यात पाठ सरळ असते, हात हलतात, छातीभर श्वास जातो. ज्यांना साखरेचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांना डॉक्टर चाला म्हणतात ते हे चालणं. शेतातल्या कामाने माणूस थकतो, या चालण्याने पाय मोकळे होतात, हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

आता गाडीकडं येऊ. इथं थोडं सावकाश ऐका.

१७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेत आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे, साध्या गाडीपासून शिवशाहीपर्यंत. वयाची ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही, पण वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ पाहिजे. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं. एक गोष्ट लक्षात ठेवा, अर्धं तिकीट राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. नांदेडच्या पुढं तेलंगणात जाणाऱ्या गाडीत सीमेपलीकडचं भाडं पूर्ण पडतं. जानेवारी २०२५ मध्ये भाडं जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढलं, तरी अर्ध्या तिकिटात आपल्या जिल्ह्यातल्या जिल्ह्यात जाऊन येणं अजून परवडतं.

दुसरी गोष्ट पाटीची. गाडीच्या पाटीवर गावाचं नाव सगळ्या जणी वाचतात, खालचं बारीक "मार्गे" कुणी वाचत नाही. नांदेडहून हिंगोलीला येणारी गाडी वारंगा फाटा, बाळापूर, कळमनुरी अशी येते, तशीच ती वसमत आणि औंढ्यावरूनही येते. नांदेडच्या बसस्थानकात "हिंगोली, हिंगोली" ऐकून धावत चढलात आणि "मार्गे वसमत" असेल तर बाळापूर कधी येणारच नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी लाजू नये, कंडक्टरला "बाळापूरवरून जाती का?" एवढं चढायच्या आधी विचारायचं. तिसरी गोष्ट, गाडी साधी आहे का जलद. साधी गाडी फाट्या-फाट्याला थांबते. जलद गाडी मोठ्या गावाला थांबेल, फाट्यावर थांबेलच असं नाही. आपल्याला फाट्यावर उतरून चालायचं असतं, म्हणून आपल्या कामाची साधी.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि ती कुठल्या पाटीवर लिहिलेली नसते. खेड्यातल्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या वेळेवर बांधलेल्या आहेत. मानव विकासच्या निळ्या गाड्या मुलींना शाळेत ने-आण करण्यासाठी आहेत, त्या शाळेच्या दिवशी धावतात. आपण काय करतो, रविवारी सवड म्हणून रविवार धरतो. आणि रविवारी त्याच गाड्या नसतात. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तर आणखी कमी. म्हणून आडवाटेच्या गावी जायचं तर शाळेचा दिवस धरा. मोठ्या रस्त्यावरच्या गावी, म्हणजे हिंगोली, औंढा, कळमनुरी, नांदेड, रविवारी गेलं तरी चालतं.

आता परतीची गाडी. आमचा नियम असा आहे की शेवटच्या गाडीनं परत यायचं नाही, शेवटच्या आधीच्या गाडीनं यायचं. शेवटची गाडी ही राखीव. हा नियम आम्हाला एका हिवाळ्यात कामाला आला. अकरा जणी होतो. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होता आणि रस्त्यात उसाची ट्रॉली उलटली. दोन तास रस्ता बंद. आमची गाडी पलीकडं अडकली. फाट्यावर अंधार पडायला लागला. आमच्यात एक नवी सून होती, तिचा फोन सारखा वाजत होता आणि ती उचलत नव्हती, काय सांगावं म्हणून. शेवटी गटाच्या अध्यक्ष मावशींनी फोन घेतला, सासूशी बोलल्या, रस्त्याचं सांगितलं, कोण कोण बरोबर आहे ते नावानं सांगितलं. रस्ता मोकळा झाल्यावर राखीव गाडी मिळाली आणि रात्री आठच्या आत सगळ्या घरी पोचल्या. तरी ती सून पुढचे दोन महिने आली नाही, येऊ दिलं नाही. आणखी एक गाडी हुकली असती तर ती एकटी नाही, सगळ्या गटाचंच जाणं बंद झालं असतं. म्हणून वेळेचं आम्ही फार कडक धरतो. कुणाला ते शिक्षिकेसारखं वाटलं तरी चालेल.

वेळ कशी काढायची? एकटं माणूस एक किलोमीटर बारा-पंधरा मिनिटांत चालतं. बारा जणींचा घोळका वीस मिनिटं धरा, कारण कुणाची चप्पल तुटते, कुणी बोरीखाली थांबते. पाच किलोमीटरला म्हणजे शंभर मिनिटं, जेवायला एक तास, आणि फाट्यावर गाडीच्या आधी अर्धा तास. साडेतीनची गाडी असेल तर उलटं मोजत या, सकाळी साडेअकराला चालायला लागलं तरी निवांत होतं. बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर सकाळी उतरल्या उतरल्या परतीच्या दोन्ही गाड्यांची वेळ विचारून हातावर पेनानं लिहायची. मोबाईलची बॅटरी जाते, हात कुठं जात नाही.

आता वाटा सांगतो.

सगळ्यात जवळची आणि नवीन गटांसाठी आम्ही सुचवतो ती कालव्याची. इसापूरचा कालवा आमच्या भागातून नांदेडकडं जातो, त्याच्यावरच डोंगरकडा, अर्धापूरपर्यंत केळी आणि ऊस दिसतो. कालव्याच्या कडेनं कच्चा सरळ रस्ता असतो, चढ नाही, वाट चुकायचा प्रश्न नाही. सकाळच्या वेळी हळदीची हिरवी पानं, केळीचे घड, खंड्या पक्षी पाण्यावर टपून बसलेला. एकच सांगणं, पाणी चालू असताना कालव्याच्या सिमेंटच्या उतारावर पाय द्यायचा नाही. शेवाळावरून घसरलं तर धरायला काही नसतं आणि पाणी वरून दिसतं त्यापेक्षा जोरात ओढतं. पाय धुवायचे असतील तर एखाद्याच्या विहिरीवर मागून धुवा.

दुसरी कयाधूची, शेवाळ्याकडं. कयाधू आपली नदी. नर्सी, हिंगोली करत आपल्या कळमनुरी तालुक्यातून जाते आणि पुढं पैनगंगेला मिळते. पावसाळ्यात हिचा पूर पुलावर येतो, रस्ते तुटतात, सोयाबीन वाहून जातं, म्हणून श्रावण-भादव्यात तिकडं फिरायला जायचं नाही. दिवाळीनंतर पाणी उतरलं की काठ चालायला चांगला. नदीच्या वाळूत आणि खडकांत पायाला वेगळाच व्यायाम होतो. नदी किती आटली, किती उकरली गेली हेही डोळ्यानं दिसतं, आणि मग ग्रामसभेत नदीवर बोलायचं तर ऐकीव बोलावं लागत नाही.

तिसरी नर्सीची. हिंगोलीला उतरून सेनगाव रस्त्याच्या गाडीनं नर्सी नामदेव. संत नामदेव महाराजांचं हे जन्मगाव मानलं जातं, १२७० चा त्यांचा जन्म. गाव कयाधूच्याच काठी आहे. देवळाबरोबर इथं गुरुद्वाराही आहे, कारण नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत. पंजाबातून माणसं आपल्या जिल्ह्यात येतात ती याच ओढीनं. आपण मात्र इथं राहून परतवारीशिवाय जात नाही. आषाढ वद्य एकादशीला परतवारी भरते, हिंगोलीहून जादा गाड्या सुटतात, पण त्या दिवशी चालणं म्हणजे रेटारेटी. चालायचं असेल तर साधा वार धरा, देवळातून नदीकाठानं जा, पलीकडच्या शिवारातून गावाला वळसा घालून या.

चौथी औंढा नागनाथ. हिंगोलीपासून २५ किलोमीटरच्या आसपास, गाड्या भरपूर. औंढ्याला आपण काय करतो, रांगेत उभं राहतो, गाभाऱ्यात खाली उतरून दर्शन घेतो आणि गाडीला पळतो. बाहेरून देऊळ बघतच नाही. आमचा आग्रह असा की आधी देवळाच्या बाहेरून पूर्ण एक फेरी सावकाश मारा. भिंतीवर हत्तींच्या रांगा, देव, नर्तकी, किती म्हणून कोरलंय. नंदी देवळाच्या मागच्या बाजूला का, याची नामदेवांची गोष्ट म्हाताऱ्या बायांना तोंडपाठ असते, ती तिथंच उभं राहून पोरींना सांगायला लावा. देऊळ फिरलं ते नामदेवांसाठी, आणि त्यांना गुरू भेटले विसोबा खेचर तेही इथंच. नंतर गावाबाहेरच्या टेकड्यांकडं चालायचं. पावसाळ्यानंतर त्या हिरव्यागार असतात, फेब्रुवारीनंतर उघड्या पडतात. जाता जाता एक सांगतो, औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो नावाचा मोठा वैज्ञानिक प्रकल्प होतोय. अवकाशातून येणारी अगदी सूक्ष्म थरथर पकडायची म्हणे. त्याच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांब असणार आहेत. आमच्यातली एक मावशी म्हणाली, "म्हणजे आपण चालतो तेवढीच की!"

ज्यांना पाळी आली आहे त्या अशा दिवशी घरी बसतात. आम्ही कुणाच्या श्रद्धेत पडत नाही. ज्यांना देवळात जायचं नाही त्या दोघी-तिघी मिळून बाहेर थांबतात, पण चालायला सगळ्या बरोबर. चालण्याला सोवळं-ओवळं नाही.

आता इसापूर. याच्यावर जरा जास्त बोलतो, कारण आमच्या गटांना सगळ्यात लक्षात राहिलेली फेरी हीच.

इसापूर धरण पैनगंगेवर, कळमनुरी तालुका आणि यवतमाळचा पुसद तालुका यांच्या हद्दीवर. सरकारी नाव ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्प. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते झालं. हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ या तीन जिल्ह्यांचं शिवार त्याच्यावर भिजतं. तिकडं जायला कळमनुरीच्या बसस्थानकावर चौकशी करून गाडी पकडायची, गाड्या मोजक्याच असतात, म्हणून इथं परतीचा नियम दुप्पट कडक. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही आणि जाऊही नये. आपल्याला चालायचं असतं ते मागच्या बाजूला, जिथं पाणी शेतांना येऊन टेकतं. तिथं उभं राहिलं की दुसरा काठ धूसर दिसतो. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी एवढं पाणी कधी पाहिलंच नव्हतं. साठीच्या एक मावशी होत्या, तीस वर्षं कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि हळद काढली. पाळी आली की रात्री दोनला उठून बारे धरले. पाणी सुटलं का, कधी सुटणार, याच्यावर आयुष्य गेलं, आणि ते पाणी येतं कुठून ते पहिल्यांदा त्या दिवशी पाहिलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एवढं असून आमच्या टोकाला पोचत नाही, म्हणजे वाटेत कुठंतरी मुरतंय." पुढच्या महिन्यात त्या पाणी वापर संस्थेच्या बैठकीला पहिल्यांदा गेल्या.

आणि दुसरी एक ताई होती. तिचं माहेर या पाण्याखाली गेलेलं. पाणी चढलं तेव्हा ती सहा-सात वर्षांची. घरातली भांडी बैलगाडीत भरली, आजी जात्यावर बसून राहिली, उठेना, एवढंच तिला आठवतं. नंतर सगळे पांगले, कुणी इकडं कुणी तिकडं. लग्न झाल्यावर माहेरी जाणं म्हणजे भावाच्या नव्या घरी जाणं, पण तिच्या मनातलं माहेर हे नव्हतंच. तिनं काठावर उभं राहून हात करून दाखवलं, त्या टेकडीच्या अलीकडं मारुती होता, इकडून ओढा यायचा. खरंच तिथंच होतं का, आम्ही कुणी तपासायला गेलो नाही. एकीनं आपल्या डब्यातली भाकरी तिच्या हातात दिली आणि तिनं तुकडा मोडून पाण्यात सोडला. बाकीच्या जणी जरा बाजूला सरकल्या, तिला उभं राहू दिलं. धरणाचं पाणी दोन बायांना दोन तऱ्हेनं लागतं हे आम्हाला त्या काठावर कळलं, कुठल्या प्रशिक्षणात नाही.

इसापूरला पक्षी अभयारण्यही आहे. मराठवाड्यातल्या मोठ्या जलाशयांवर हिवाळ्यात लांबून पक्षी येतात. भगव्या रंगाचं जोडीनं फिरणारं चक्रवाक, आणि डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब, जो हिमालय ओलांडून येतो. सकाळी लवकर पोचलं तर दिसतात. मोठ्यानं बोललं की उडतात, आणि आमच्या बायांना मोठ्यानं न बोलणं हेच सगळ्यात अवघड गेलं.

फेरीचा दिवस संपता संपता भूक लागली तर वारंगा फाट्याची खिचडी आहेच. नांदेडकडून येताना गाडी तिथं थांबते, त्या खिचडीचं नाव लांबवर आहे. आपण घरी रोज शिजवतो तीच खिचडी, पण दुसऱ्यानं वाढलेली, बसून खाल्लेली. आम्ही तिची वर्गणी आधीच काढून ठेवतो, गटाच्या बचतीतून एक रुपया घेत नाही. हे पक्कं ठेवा, नाहीतर उद्या कुणी म्हणेल, बचत गटाचे पैसे फिरण्यात उडवले.

काही बारीक गोष्टी आहेत, त्या टाळल्या की फेरी बिघडते. पहिली लघवीची. बाहेर जायचं म्हणून बाया सकाळपासून पाणी पीत नाहीत, आणि मग लघवीची जळजळ, डोकेदुखी घेऊन घरी येतात. पाणी प्यायचंच. वाट अशी निवडायची की मधे बसस्थानक, देऊळ, शाळा असं काही लागेल, आणि नसेल तर दोघी जणी आडोशाला जातील, दोघी रस्त्यावर उभ्या राहतील, असं आधीच ठरवून टाकायचं. दुसरी पायाची. नवी चप्पल त्या दिवशी घालायची नाही, जुनी पण पट्टा धड असलेली. तिसरी सापाची. गवतातून जाताना पुढची बाई काठी आपटत चालते. कुणाला चावलाच तर चिरा द्यायचा नाही, घट्ट बांधायचं नाही, मांत्रिकाकडं न्यायचं नाही. चावलेला पाय न हलवता १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठायचा, लस तिथंच मिळते. रस्त्यावर काही अडचण आली तर ११२, बायांसाठी १८१. डांबरी रस्त्यावरून जावं लागलं तर उजव्या कडेनं एका रांगेत, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. मोठ्या महामार्गावरून चालायचंच नाही. ज्यांना साखर आहे त्यांनी गोळी आणि गुळाचा खडा जवळ ठेवायचा.

महिना कुठला? आपल्याकडं काम नसलेला महिना नाही. सोयाबीन संपतं तोवर कापूस फुटतो, कापूस होतो तोवर हरभरा, मग हळद काढणी आणि शिजवणी. दिवसाची मजुरी बुडते, हे आम्ही लपवत नाही. म्हणून कुणावर जबरदस्ती नाही, आणि मजुरीवर जाणाऱ्या मैत्रिणींसाठी आम्ही बाजाराच्या दिवसाला जोडून अर्ध्या दिवसाची कालव्याची वाट ठेवतो. दिवाळी ते होळी हाच खरा हंगाम. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४० च्या वर असतो, तेव्हा आम्ही फेरी बंद ठेवतो.

कोकणातल्या मैत्रिणींचे निरोप येतात, तुम्ही डोंगर-नदी सांगता, आम्हाला समुद्र आहे. आहेच. त्यांच्यासाठी आमच्या एका मैत्रिणीनं तिकडच्या नातेवाइकांकडून शिकलेलं सांगते. श्रीवर्धन तालुक्यातल्या हरिहरेश्वरला देवळाच्या मागून समुद्राच्या कडेनं प्रदक्षिणेची वाट आहे. ती ओहोटीतच चालता येते, भरतीत लाटा वाटेवर येतात. भरतीची वेळ तिथीवरून काढायची: तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार सहा, म्हणजे साधारण सहाला भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, बाराच्या सुमाराला ओहोटी. हा अंदाज झाला, पाय ठेवायच्या आधी तिथल्या कोळ्यांना विचारायचंच. अमावस्या-पौर्णिमेला भरती मोठी असते. आम्ही बाळापूरच्या बाया अजून तिकडं गेलो नाही. एसटीचा "आवडेल तिथे प्रवास" हा चार किंवा सात दिवसांचा पास असतो, त्याच्यावर आमचा डोळा आहे. घरून चार दिवस कसे मिळवायचे हे गणित तिथीच्या गणितापेक्षा अवघड आहे, एवढंच.

शेवटी एक काम सांगतो, आणि हे जरा मनावर घ्या. २०२१ च्या दिवाळीच्या सुमाराला एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. त्या महिन्यांत लोक काळी-पिवळीला आणि ऑटोला सरावले. जीपमध्ये अर्धं तिकीट नाही, लेकरू मांडीवर, पाय बाहेर. एसटीची फेरी चालू राहते ती भारमानावर, म्हणजे गाडीत किती जागा भरल्या त्यावर. आपण अर्धं तिकीट काढलं तरी उरलेल्या अर्ध्याची भरपाई शासन महामंडळाला देतं, म्हणजे अर्ध्या तिकिटाची बाई ही मोजणीत पूर्ण प्रवासी आहे. ज्या फेरीला बाया चढतात ती फेरी टिकते. गाडी रिकामी जाऊ लागली की आधी तिची वेळ बदलते, मग ती एक दिवसाआड होते, मग मुक्कामी गाडी बंद होते, आणि मग गावातल्या पोरीचं अकरावी-बारावीचं शिक्षण बंद होतं.

फाट्यावर थांबा पाहिजे असेल किंवा बंद झालेली फेरी पाहिजे असेल तर ग्रामसभेचा ठराव करा. त्यात गावाचं नाव, कोणत्या वेळेची फेरी, किती मुली शाळेला जातात, बाजाराचा वार कोणता आणि साधारण किती प्रवासी मिळतील हे लिहा. आपल्याकडं तो कळमनुरीच्या नाहीतर हिंगोलीच्या आगार व्यवस्थापकांकडं द्यायचा, पोच घ्यायची, एक प्रत परभणीच्या विभागीय कार्यालयाला. एकटीनं न जाता ग्रामसंघाच्या पाच-सहा जणींनी जायचं, आणि जाताना एसटीनंच जायचं, तिकिटं जपून अर्जाला जोडायची.

आमची पुढची फेरी कयाधूच्या काठाची आहे. ज्यांना यायचं त्यांनी ग्रामसंघाच्या बैठकीत नाव द्या, डबा आपापला आणा, आणि आधार कार्ड विसरू नका.